फॉरमॅट मारायच्या आधी विचारणारं दुकान

या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानाचं नाव लिहिणार नाही, हे आधीच सांगते. मालकांनीच बजावलंय, "नाव नका टाकू मॅडम, आधीच मशिनींची थप्पी लागलीय, मला बसायला जागा न्हाई." खुणा मात्र देते. सांगलीत हरभट रोडच्या एका बोळात, भांड्यांच्या दुकानावर पहिला मजला. खाली पाटी आहे, पण शेजारचा टेलर तिच्यावर ब्लाउजचे नमुने अडकवतो, त्यामुळे 'कॉम्प्यु' एवढंच वाचता येतं.

मी घरी बसून लोकांचे हिशेब लिहिते. मार्केट यार्डातले दोन हळदीचे अडते, तासगावचे तीन बेदाण्याचे व्यापारी, एक भडंगवाले आणि सटरफटर चार-पाच. विश्रामबागेतल्या आमच्या हॉलमध्ये २०१७ साली घेतलेला कॉम्प्युटर आहे. दिवसा त्याच्यावर टॅली आणि जीएसटी, संध्याकाळी सासूबाईंचं यूट्यूबवरचं कीर्तन.

१८ फेब्रुवारीची दुपार. थ्री-बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं विवरणपत्र, भरायची मुदत वीस तारखेला, आणि तासगावच्या एका व्यापाऱ्याचं कोल्ड स्टोरेजच्या भाड्याचं बिल अडकलेलं. तेवढ्यात त्यांचीच मेल आली. नवी नव्हे, आमच्या चालू मेललाच आलेलं उत्तर; खाली माझं स्वतःचं वाक्य होतं, 'भाड्याचं बिल राहिलंय, पाठवा.' वर इंग्रजीत एक ओळ, की सोबतचा कागद पाहावा, आणि एक निळी लिंक.

आता हा माणूस आठ वर्षांत माझ्याशी इंग्रजीत एक शब्द बोललेला नाही. इंग्रजी अक्षरांत 'नमस्कार म्याडम' असं लिहून आडवातिडवा काढलेला बिलाचा फोटो पाठवणं, ही त्यांची पद्धत. त्या फोटोत कोपऱ्यात त्यांचा अंगठाही असतो. या मेलमध्ये ना म्याडम, ना अंगठा. हे मला आज दिसतंय. त्या दुपारी दिसत होती फक्त वीस तारीख.

लिंकवरून एक झिप फाइल उतरली. तिच्यात बिलाच्या नावाची एक फाइल, नावाच्या शेवटी पीडीएफ. शेजारचं चित्र मात्र नेहमीचं लाल नव्हतं, कागदाच्या गुंडाळीसारखं काहीतरी होतं. मी क्लिक केलं. काळा चौकोन लुकलुकला आणि गेला. काहीच उघडलं नाही. मग मी काय केलं? आणखी तीनदा क्लिक केलं. चोर दारात उभा, आणि मी आपली कडी नीट निघाली का ते परत परत बघतेय.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठपासून फोन सुरू झाले. मिरजेचे सीए म्हणाले, "ताई, तुमच्याकडून बिल आलंय, पण मी तुमच्याकडून काय घेतलंय?" भाच्याचा फोन, "मामी, तू मला इनव्हॉइस का पाठवतेयस?" हळदीच्या अडत्याच्या मुनीमजींनी तर फाइल उघडत नाही म्हणून परत मागितली. मी घाबरून सगळ्यांना एक मेल टाकली, की माझी मेल उघडू नका. एकाचंही उत्तर आलं नाही. लोक रागावले असतील, असं मला वाटलं. ते का आलं नाही ते पुढे कळलं.

कॉम्प्युटर उचलून आधी घराजवळच्या एका दुकानात नेला. तिथल्या मुलाने चालूही न करता निदान केलं, "व्हायरस आहे, फॉरमॅट मारावा लागेल. सातशे. डेटा गेला तर आमची जबाबदारी नाही. अँटिव्हायरस फुल व्हर्जन टाकून देतो, क्रॅक आहे आपल्याकडे." म्हणजे चोराने दिलेली फाइल उघडून जे झालं, त्यावर इलाज म्हणून दुसऱ्या चोराची फाइल. मी सीपीयू पुन्हा चादरीत गुंडाळला आणि घरी आणला. आमचे हे म्हणाले, "मारू दे की फॉरमॅट, सातशेच तर आहेत." त्यांच्या क्रिकेटखेरीज त्यात काही नाही, त्यांना काय!

हरभट रोडचा पत्ता भडंगवाल्यांनी दिला. मी नुसती वेळ विचारायला फोन केला होता. फोन एका मुलीने उचलला. मालकांची सून. सामान्यतः दुकानात फोन केला की 'घेऊन या, बघू' एवढंच ऐकायला मिळतं. हिने प्रश्न सुरू केले. कशावर क्लिक केलं, किती वाजता? नंतर मशीन बंद केलं का? त्याच मशीनवर बँक उघडता का? पासवर्ड क्रोमला लक्षात ठेवायला सांगितलेत का? आणि मग, "काकू, ह्याच्यावर तुमचाच डेटा आहे, का दुसऱ्यांचा पण हाय?"

या शेवटच्या प्रश्नाला माझ्या पोटात गोळा आला. अकरा जणांचे जीएसटीचे पासवर्ड मी क्रोमच्या हवाली केलेले होते.

"आत्ता काय करालाय?" तिने विचारलं. मी म्हटलं, कॉम्प्युटर समोरच आहे, तुझ्याशी बोलताना पासवर्डच बदलतेय. ती जवळजवळ ओरडलीच. "त्याच्यावर नको! तुम्ही टाइप कराल ते त्याला जाईल. आधी मागची नेटची वायर काढा. पासवर्ड मोबाइलवरून बदलायचे." वायर निघाली. मग पुढचा पाऊण तास, एक पैसा न घेता, माझं तोंडही न बघता, तिने मला मोबाइलवर बोट धरून फिरवलं.

गुगल खात्यात सुरक्षेच्या पानावर आपण कुठकुठे लॉगिन आहोत त्याची यादी असते. माझ्या यादीत विंडोज दोनदा. एक सांगलीतलं, दुसरं परदेशातलं. ते आधी बाहेर काढलं, मग पासवर्ड बदलला, मग खातं परत मिळवण्यासाठी दिलेला फोन नंबर माझाच आहे ना ते पाहिलं. मी म्हटलं, अगं पण माझ्याकडे ओटीपी लागतो, मग हा आत शिरला कसा? तिचं उत्तर मी अजून लोकांना ऐकवते. "काकू, गणपतीतल्या प्रदर्शनात तिकीट दाखवलं की हातावर शिक्का मारतात ना? मग दिवसभर आत-बाहेर करा, कोण तिकीट मागत नाही. ब्राउझर पण तसाच शिक्का जपून ठेवतो, म्हणून तुम्हाला रोज ओटीपी लागत नाही. ह्या व्हायरसने तुमचा शिक्काच उचलला. तिकीट त्याला लागलंच नाही." म्हणून नुसता पासवर्ड बदलून भागत नाही, आधीचे सगळे शिक्के पुसावे लागतात. सगळीकडून बाहेर पडायचं आणि नव्याने आत यायचं.

यानंतर तिने मला जीमेलचे फिल्टर बघायला लावले. ते मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये दिसतच नाहीत. ब्राउझरमध्ये जीमेल उघडून 'डेस्कटॉप साइट' करावं लागतं आणि मुंगीएवढ्या अक्षरांत बोट नेमकं टेकवावं लागतं. चष्मा नाकावर, भिंग हातात, अशी मी तिथवर पोचले. तिथे मी कधीही न केलेला एक नियम होता. ज्या मेलमध्ये व्हायरस, हॅक किंवा स्पॅम हे शब्द असतील, ती वाचली म्हणून खूण करून थेट कचऱ्यात.

कचरा उघडला. एक्केचाळीस मेल. "ताई, तुमची मेल हॅक झालीय." "तुम्हाला व्हायरस आलाय, ताबडतोब बघा." मिरजेचे सीए, भाचा, मुनीमजी, सगळे बिचारे हाका मारत होते आणि माझ्याच घरातल्या पाहुण्याने त्यांचा आवाज बाहेरच्या बाहेर दाबला होता. सातशे रुपयांत फॉरमॅट मारला असता तर डबा लख्ख झाला असता. हा नियम, ते परदेशातलं लॉगिन आणि चोरलेले पासवर्ड आपापल्या जागी तसेच राहिले असते, आणि मी निर्धास्तपणे थ्री-बी भरत बसले असते.

बँकेला फोन करून नेटबँकिंग थांबवलं. पैसे गेले नव्हते. गेले असते तर वेळ न दवडता सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० नंबर लावायचा, हेही तिनेच लिहून घ्यायला लावलं. मग अकरा जणांना एकेक करून फोन. "तुमचा पासवर्ड माझ्याकडून गेलाय" हे वाक्य अकरा वेळा म्हणून बघा. एक हळदवाले बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "आमचा तरी काय होता, गणपती एकदोनतीन." तो पासवर्डही बदलला.

दुपारी रिक्षाने सीपीयू मांडीवर घेऊन गेले. जिना अंधारा, उभा, पायऱ्या झिजलेल्या. वर चढल्यावर मात्र टेबलं आणि मशिनी ओळीने, प्रत्येकीवर चिठ्ठी. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. पूर्वी रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करायचे. अजूनही दुकानात झाळण्याचा वास असतो. येणारा प्रत्येक जण अण्णांकडे बघून "साहेब, जरा बघा" म्हणतो आणि अण्णा न बघताच बोटाने सुनेकडे दाखवतात. "सॉफ्टवेअरचं डॉक्टर तिकडं हाय. माझ्याकडं फक्त हाडं बसवून मिळतात."

२०१९ च्या महापुरात त्यांचं तळमजल्यावरचं दुकान पाण्याखाली गेलं होतं, म्हणून आता वरचा मजला. त्या वेळी लोक चिखल भरलेले कॉम्प्युटर घेऊन रांगेत उभे होते आणि निम्म्यांनी घरी सुरू करून बघायचा उद्योग आधीच केला होता. ओली डिस्क फिरवली की संपलं. अण्णा म्हणतात, "पुरातली डिस्क असू दे नायतर व्हायरसची, चालू करून बगायची न्हाई. आदी आतलं काय हाय ते बाहेर काढायचं." आणि तसंच केलं त्यांनी. माझी डिस्क काढून, विंडोजऐवजी लिनक्सवर चालणाऱ्या एका मशीनला जोडली, कारण विंडोजसाठी लिहिलेला तो प्रकार तिथे आपणहून चालत नाही. मला शेजारी बसवून एकेक फोल्डर दाखवत विचारलं, हे हवं का, ते हवं का. टॅलीचा डेटा, बिलांचे फोटो, भाच्याच्या मुंजीतले फोटो, सासूबाईंची उतरवून ठेवलेली कीर्तनं. डाउनलोडमधली जुनी सॉफ्टवेअरं सुनेने साफ नाकारली. "ती नवीन घेऊ, काकू. शिळं नको."

मूळ दुखणं टास्क शेड्युलरमध्ये, म्हणजे विंडोज आपोआप करायच्या कामांची यादी ठेवतं तिथे, सापडलं. कुठल्यातरी अपडेटचं नाव घेतलेली एक नोंद होती. कॉम्प्युटर सुरू झाला की ती आतल्या एका लपलेल्या फोल्डरातली फाइल चालवायची. आणि मी क्लिक केलेल्या फाइलचं खरं नाव पीडीएफवर संपतच नव्हतं. पुढे टिंब आणि जेएस. म्हणजे कागद नव्हे, आज्ञा. विंडोज ओळखीच्या फाइलींचं शेवटचं टोक मुळात लपवूनच ठेवतं, त्यामुळे दिसतं ते फक्त पीडीएफ.

हे ऐकून अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला. "हे तर लव्ह लेटर झालं की वो!" मे २००० मध्ये फिलिपिन्समधून निघालेला तो व्हायरस. मेलचा विषय 'आय लव्ह यू', सोबत प्रेमपत्राच्या नावाची फाइल, नावाच्या शेवटी टीएक्सटी आणि त्याच्यापुढे लपलेलं व्हीबीएस, म्हणजे तीही आज्ञाच. उघडली की आउटलुकच्या पत्त्यांच्या वहीतल्या सगळ्यांना तेच पत्र जायचं आणि कॉम्प्युटरवरच्या जेपीजी चित्रांवर तो स्वतःलाच लिहून ठेवायचा. तेव्हा तिथे असला गुन्हा पकडणारा कायदाच नव्हता, त्यामुळे ज्याने तो केला त्याच्यावरचा खटला टिकला नाही. अण्णांचं पहिलं व्हायरसचं गिऱ्हाईक त्याच महिन्यातलं. लग्नपत्रिका छापणारा एक प्रेसवाला. ऐन लग्नसराईत त्याची सगळी डिझाइनं प्रेमपत्राने खाल्ली. "तवापास्नं टोपी तीच हाय, घालणारं डोस्कं बदलतंय," असं म्हणून अण्णा चहा सांगायला गेले. पंचवीस वर्षांनी त्याच टोपीत माझं डोकं होतं.

विंडोजसोबतच येणाऱ्या डिफेंडर या अँटिव्हायरसचा ऑफलाइन स्कॅन झाला, म्हणजे विंडोज पूर्ण सुरू व्हायच्या आधीच चालतो तो. मग दुसऱ्या एका स्कॅनरने खात्री केली. दोन्हीत स्वच्छ. तरीही सून म्हणाली, "काकू, नुसतं कीर्तन बघायचं मशीन असतं तर असंच दिलं असतं. पण तुम्ही लोकांचे हिशेब करता. मी नवीन विंडोज टाका म्हणेन." म्हणजे शेवटी फॉरमॅटच! मी हसले, तीही हसली. त्या घराजवळच्या मुलाचं निदान तसं चुकलं नव्हतंच. फक्त त्याने सुरुवातीला जे केलं असतं, ते हिने सगळ्यात शेवटी केलं, डेटा बाहेर, खाती ताब्यात आणि माझी संमती घेऊन.

अँटिव्हायरसवरून सासरे-सुनेत थोडी जुंपली. अण्णांचं म्हणणं क्विक हील घ्या. का, तर तो काढणारे कैलाश काटकर मूळचे सातारा जिल्ह्यातले, पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता एवढे मोठे झाले. "आपल्यागत दुरुस्तीवाला माणूस!" सून म्हणाली, अभिमान बरोबर आहे, पण काकूंना सोबतचा डिफेंडर अपडेट ठेवला तर पुरतो, उगाच खर्च कशाला. विकण्याजोगी वस्तू समोर असताना नको म्हणणारं दुकान मी बऱ्याच वर्षांनी पाहिलं. अण्णा जरा हिरमुसले.

त्याऐवजी तिने तीन फुकटच्या गोष्टी केल्या. फाइलींची लपलेली टोकं दिसतील असं केलं. जेएस आणि व्हीबीएस फाइलवर क्लिक झालं तर ती चालण्याऐवजी नोटपॅडमध्ये उघडेल अशी सोय केली, म्हणजे पुढच्या वेळी चारदा क्लिक केलं तरी फक्त अगम्य अक्षरं दिसतील. आणि सासूबाईंचं खातं वेगळं करून त्यातून काहीही नवीन बसवता येणार नाही असं ठेवलं. सासूबाईंनी विचारलं, "म्हणजे व्हायरस मी आणला होता काय?" तो प्रश्न आमच्याकडे अजून मिटलेला नाही.

मशीन जुनं असल्याने विंडोज ११ त्याच्यावर बसत नाही. विंडोज १० ची नियमित मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. नोंदणी केली तर सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, ती नोंदणी तिने करून दिली. त्यानंतर नवीन मशीन घ्यावं लागेल, हे तिने हातचं न राखता सांगितलं.

आता तक्रारी. दोन दिवस सांगून चार लावले. वीस तारीख मला भाच्याच्या लॅपटॉपवर गाठावी लागली, तीही रात्री साडेदहाला. प्रिंटर जोडून द्यायचं विसरले, मराठीचे जुने फॉन्ट टाकायचं विसरले, त्यामुळे घरी आल्यावर माझी सगळी पत्रं इंग्रजी चिन्हांची खिचडी झालेली. पुन्हा रिक्षा, पुन्हा तो जिना. फॉन्ट टाकून दिले, पण "अगंबाई, राहिलंच!" यापलीकडे दिलगिरी नाही. गाडी लावायला जागा नाही, बोळात दुचाकी उभी केली तर भांडीवाले बाहेर येऊन बघतात. फोन दुपारी दोन ते चार उचलत नाहीत, कितीही आग लागलेली असो.

बिल मात्र छापील आणि नीट. डेटा काढणे ५००, साफसफाई व विंडोज ९००, वर अठरा टक्के जीएसटी २५२, एकूण १,६५२ रुपये. मी सवयीने सेवेचा कोड तपासला. ९९८७१३, कॉम्प्युटर दुरुस्ती, बरोबर. एवढ्या वर्षांत दुरुस्तीवाल्याच्या बिलावर बरोबर कोड मला पहिल्यांदा दिसला. पाचपैकी चार तारे देते. पाचवा प्रिंटरपायी गेला.

तासगावच्या व्यापाऱ्यांनाही तिथेच पाठवलं. त्यांच्या कॉम्प्युटरला तो व्हायरस कुणाकडून आला ते त्यांना अजून कळलेलं नाही. भाड्याचं बिल परवा आलं, फोटो आडवा, कोपऱ्यात अंगठा. मी तरी आधी फोन करून विचारलं.

दुकान सोमवारी बंद असतं. जिन्याचा डावीकडचा कठडा हलतो, चढताना तो धरू नका.